मोठा काळ आणि अनंत काळ

सोलापूरच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, विश्वाचे सुमारे १,३८० कोटी. जिल्ह्यातल्याच पंढरपुरात विठोबा अठ्ठावीस युगांपासून विटेवर उभा असल्याची श्रद्धा आहे. हे सारे काळ प्रचंड आहेत, अनंत मात्र एकही नाही. एक वर्ष मिळवले की त्यांचा आकडा वाढतो.

अनंताचे तसे नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात शून्याने भागून येणाऱ्या राशीला ‘खहर’ म्हटले. तिच्यात काहीही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. शून्याने भागण्याची ती रीत आजच्या गणितात चालत नाही, पण अनंताचा हा गुण त्यांनी अचूक ओळखला होता.

भूतकाळ अनंत असेल, तर अगणित दिवस सरून आजचा दिवस उगवला कसा? हा जुना आक्षेप अनंत अंतरावर एक ‘पहिला दिवस’ गृहीत धरतो, आणि चूक तिथेच आहे. ऋण पूर्णांकांच्या ओळीत सर्वांत मागची संख्या नसते. तरी त्यातली कोणतीही घ्या, तिथून शून्यापर्यंतची पावले मोजता येतात. अनादी काळ तर्काला मुळीच वर्ज्य नाही. निवाडा निरीक्षणानेच व्हायला हवा.

या वादात कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आयुष्यभर अनादी विश्वाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हे १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांताच्या जनकांपैकी एक. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याची घनता कायम राहते, असा तो विचार. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि पारडे महास्फोटाकडे, म्हणजे विश्व उष्ण, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले या सिद्धांताकडे, झुकले. तरीही १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित प्रारूप मांडले. त्यात विश्व आळीपाळीने फुगते व आकसते, एकंदरीत मात्र वाढतच जाते. आरंभ कुठेच नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही. प्रारणाचे बारीक तपशील महास्फोटाने अधिक सहज उलगडतात, हे खरेच. पण प्रस्थापित मताला मोजमापांच्या कसोटीवर आव्हान देण्याचे या तिघांचे धैर्य मोलाचे होते.

२००३ मध्ये बोर्ड, गुथ आणि विलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की सरासरीने प्रसरण पावणारे विश्व भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही. मात्र ही मर्यादा प्रसरणाची आहे, काळाची नव्हे. १,३८० कोटी वर्षे हे वयही त्या उष्ण, दाट अवस्थेपासून मोजलेले आहे. त्याआधी काय होते, याचे निरीक्षण अद्याप झालेले नाही.