कच्चं मडकं, पक्कं मडकं

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही आख्यायिका आपण जाणतो. नामदेवांना ते लागलं. ते गुरूच्या शोधात निघाले.

आज संगणकही अभंग रचतो. अफाट लिखित मजकुरावरून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येईल, याचा तो अदमास बांधतो. ‘कच्चा’ म्हटलं, की लगेच दुसरा देतो. त्याला लागत काहीच नाही.

२०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं साहित्य संमेलन भरलं. तिथलं छापलेलं त्याला मिळेल; आमच्या शिवारातली न लिहिलेली बोली कुठून मिळणार? मला वाटतं, ती आपणच लिहायला हवी. आणि अभंग पक्का आहे का, हे ठोकून पाहणारा कानही आपणच राखायला हवा.