फुकटचा हॉवर्ड, विकतचा हॉवर्ड

रेडिओवर रोज फुकट ऐकू येणारा माणूस एक दिवस म्हणाला, ‘आता मला ऐकायचे वेगळे पैसे आणि बघायचे वेगळे!’ न्यूयॉर्कमधल्या वीस वर्षांपूर्वीच्या या प्रकाराचा आपल्या दर महिन्याच्या बिलाशी काय संबंध?

दोस्तहो, एक सोपा प्रश्न. दर महिन्याला तुमच्या कार्डावरून किती अ‍ॅप्सचे पैसे कटतात? सिनेमाचं एक, क्रिकेटचं एक, गाण्यांचं एक, आणि एक ते, जे एका सीरिजसाठी घेतलं होतं आणि बंद करायचं राहूनच गेलंय. बघण्याचे पैसे मोजायचे असतात हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात आता कुणाला काही विशेष वाटत नाही.

२००५ मध्ये मात्र ही भानगड नवी होती. त्या वर्षी यूट्यूब नुकतं जन्माला आलं होतं. अ‍ॅपलने ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ दाखवणारा आयपॉड काढला आणि टीव्ही मालिकेचा एक भाग १.९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. आणि नोव्हेंबरमध्ये हॉवर्ड स्टर्न नावाच्या रेडिओवाल्याने आपल्या कार्यक्रमाचा टीव्ही अवतार फुकटातून उचलला आणि पैसे भरून, हवा तेव्हा बघायच्या खात्यात नेऊन ठेवला. ‘ऑन डिमांड’ हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी.

हा बाबा कोण?

हॉवर्ड स्टर्नचा जन्म १९५४चा, न्यूयॉर्कमधला. १९८५ मध्ये एका मोठ्या स्टेशनने त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी तो ‘के-रॉक’ नावाच्या एफएम स्टेशनवर गेला आणि तिथे वीस वर्षं ठाण मांडून बसला. पुढच्या वर्षापासून त्याचा शो इतर शहरांतही ऐकू जायला लागला. सकाळची वेळ, ऑफिसला निघालेली गर्दी, आणि रेडिओवर तासन् तास हॉवर्डची बडबड. सोबत त्याची सहकारी रॉबिन क्विव्हर्स, जी त्याला हसायचीही आणि वेळ आली की फटकारायचीही.

काय असायचं या शोमध्ये? खरं सांगायचं तर अर्धा मसाला असा, की आई शेजारी बसलेली असताना कुणी रेडिओ चालू ठेवणार नाही. सेक्सवरच्या गप्पा, पाहुण्यांना नको ते प्रश्न, बायकांवरचे अनेक विनोद तर आज ऐकताना अंगावर येतात. पण उरलेला अर्धा भाग वेगळा होता. हा माणूस स्वतःचं लग्न, स्वतःचे न्यूनगंड, सगळं माइकवर बिनधास्त ओतायचा आणि समोरच्यालाही बोलतं करायचा. ‘प्रायव्हेट पार्ट्स’ हे त्याचं पुस्तक १९९३ मध्ये आलं आणि १९९७ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. हिरो अर्थातच हॉवर्ड!

टीव्हीचा फंडा एकदम सोपा होता. रेडिओच्या स्टुडिओतच कॅमेरे बसवायचे. बोलणारे तिथेच, पाहुणे तिथेच, नवीन सेट नको की नवीन स्क्रिप्ट नको. सकाळी जे रेडिओवर झालं, त्यातलं निवडक अर्ध्या तासात कापून दाखवायचं. जून १९९४ पासून ‘ई!’ या केबल चॅनलवर हे सुरू झालं आणि जुलै २००५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं चाललं. ज्याला रोज फक्त ऐकलं, तो दिसतो कसा हे बघायची हौस लोकांना केवढी असते बघा.

दोन कात्र्या

पण या शोवर सतत कात्री चालायची. तीही एक नाही, दोन.

पहिली सरकारची. अमेरिकेत साध्या रेडिओ-टीव्हीच्या लहरी जनतेच्या मालकीच्या मानतात. त्यामुळे सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अश्लील काही गेलं, तर एफसीसी ही सरकारी संस्था दंड करते. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनचा तो गाजलेला प्रकार घडला आणि वातावरण एकदम तापलं. त्याच महिन्यात क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीने आपल्या सहा स्टेशनांवरून हॉवर्डला उतरवलं. एप्रिलमध्ये त्याच्या जुन्या कार्यक्रमावरून त्याच कंपनीला ४ लाख ९५ हजार डॉलर दंड झाला.

दुसरी कात्री जाहिरातदारांची. केबल चॅनलला एफसीसीचा हा नियम लागू नाही. मग ‘ई!’वर चित्र धूसर का करायचे? बीप का वाजायचा? कारण मधल्या ब्रेकमध्ये साबण आणि गाड्या विकायच्या असतात! म्हणजे टीव्हीवाल्या प्रेक्षकाच्या वाट्याला काय यायचं, तर आधी रेडिओच्या नियमात बसवलेला आणि मग जाहिरातदाराला चालेल इतपत पुसलेला हॉवर्ड. प्रेक्षकाच्या खिशातून या शोचा म्हणून वेगळा एक डॉलर जात नव्हता, पण त्याने काय बघायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवत होतं.

रिमोट तुमचा, बिल पण तुमचंच

ऑक्टोबर २००४ मध्ये हॉवर्डने बॉम्ब टाकला. तो सिरियस नावाच्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीकडे जाणार होता. करार पाच वर्षांचा, रक्कम ५० कोटी डॉलर, त्यात शोचा आणि स्टाफचा खर्चही धरलेला. त्या वेळी सिरियसचे ग्राहक होते जेमतेम सहा लाख. महिन्याची वर्गणी १२.९५ डॉलर, शिवाय रिसीव्हर वेगळा विकत घ्यायचा. साधा गुणाकार करा. वर्षाला दहा कोटी डॉलरची वसुली करायची, तर फक्त या एका माणसापायी साडेसहा लाख नवे ग्राहक यायला हवेत. तेसुद्धा बाकीचा सगळा खर्च सोडून.

रेडिओ गेला म्हटल्यावर टीव्हीचंही गणित बदललं. १८ नोव्हेंबर २००५ ला ‘इन डिमांड’ या कंपनीमार्फत हॉवर्डचं टीव्ही सुरू झालं. बॉक्सिंगच्या मॅचेस आणि सिनेमे एकेकटे विकत बघायची सोय अमेरिकेतल्या केबल कंपन्या जिच्यामार्फत देत, तीच ही कंपनी. आता घरातल्या डिजिटल सेट टॉप बॉक्सवर यादी उघडायची, भाग निवडायचा, बटण दाबायचं. तो भाग केबल कंपनीच्या सर्व्हरवरून तुमच्या टीव्हीवर हजर! रात्रीच्या ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही, जाहिराती नाहीत, धूसर चौकोन नाहीत, बीप नाहीत. फक्त केबलच्या बिलात महिन्याची एक नवी ओळ वाढायची.

यातली गोम लक्षात आली का? फॅनच्या डोक्यावर आता दोन बिलं होती. ऐकायचं सिरियसचं, बघायचं केबलचं. माणूस एकच, स्टुडिओ एकच, विनोद तेच. फक्त काउंटर दोन.

कारपूलमधला हॉवर्ड

२००५ ते २००७ मी न्यू जर्सीत एका प्रोजेक्टवर होतो. आमच्या कारपूलमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याची गाडी, म्हणून रेडिओपण त्याचाच. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये हॉवर्ड चालू. मला निम्मे संदर्भ कळायचे नाहीत. गंमत पुढे ऑफिसात यायची. पॅन्ट्रीत कॉफी घेताना तीन-चार जण त्याच विषयावर बोलत असायचे, कारण वेगवेगळ्या गाड्यांतून सगळे तेच ऐकत आलेले. कुणी वैतागून बोलायचा, कुणी खो खो हसत. पण विषय एक.

१६ डिसेंबर २००५ ला के-रॉकवरचा शेवटचा शो झाला. ९ जानेवारी २००६ ला सिरियसवर पहिला. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी डॅशबोर्डवर रिसीव्हर चिकटवला. बाकीच्यांनी नाही घेतला. महिन्याभरात पॅन्ट्रीतला विषय संपला! तो बिचारा काहीतरी सांगायला जायचा आणि समोरचे नुसते मान हलवायचे. हॉवर्ड आता हवं ते बोलू शकत होता, पण ते ऐकून आलेला दुसरा कुणी टेबलावर नसायचा. टीव्हीचंही त्याने दोन-तीन महिने घेतलं आणि सोडून दिलं. म्हणाला, सकाळी गाडीत ऐकलेलंच रात्री जागून परत बघायचं, त्याचे वेगळे पैसे कशाला?

एडिसनमध्ये आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, ते काका मूळचे दादरचे. त्यांना हे सांगितल्यावर ते खदाखदा हसले. ‘अरे, रेडिओला कुणी पैसे देतं का? वेडे आहेत लोक!’ याच काकांनी २००७ च्या वर्ल्ड कपसाठी डिशवर क्रिकेटचं पॅकेज चांगले घसघशीत डॉलर मोजून घेतलं. भारत पहिल्याच फेरीत बाहेर! मी म्हटलं, ‘काका, पैसे वाया गेले की हो.’ तर म्हणाले, ‘गप रे. बघायला तर मिळालं ना?’

तेव्हा मला हॉवर्डचे फॅन कळले. ज्याच्याशिवाय आपल्याला करमत नाही, त्याचे पैसे माणूस देतो. ज्याच्याशिवाय चालतं, त्याचे नाही.

मग, जमलं का?

रेडिओचं सॉलिड जमलं. २००५ संपताना सिरियसचे ग्राहक तेहतीस लाखांच्या आसपास गेले होते. ठरलेलं टार्गेट पार झालं म्हणून हॉवर्डच्या टीमला कंपनीचे वीस कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर्स मिळाले. के-रॉकवर त्याच्या जागी रॉकस्टार डेव्हिड ली रॉथला आणलं होतं. त्याला एप्रिलमध्येच घरी पाठवावं लागलं. २००८ मध्ये सिरियस आणि प्रतिस्पर्धी एक्सएम एक झाल्या आणि हॉवर्डचे करार पुढे वाढत राहिले.

टीव्हीचं मात्र तसं झालं नाही. ऑन डिमांड चॅनल आठ वर्षं चाललं आणि २०१३ च्या अखेरीस बंद पडलं. पुढे सिरियसएक्सएमने व्हिडिओ आपल्या अ‍ॅपमध्येच द्यायला सुरुवात केली. म्हणजे दोन काउंटरचं पुन्हा एक काउंटर.

आणि एक मजा बघा. २०१२ ते २०१५ हाच हॉवर्ड ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये जज म्हणून बसत होता. एनबीसीवर. म्हणजे साध्या, फुकटच्या, जाहिरातीवाल्या, कात्रीवाल्या टीव्हीवर! कात्रीतून सुटल्यावर तो आणखी वाह्यात होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. हळूहळू तो लांबलचक, निवांत मुलाखतींसाठी नावाजला गेला. २०१९ मध्ये त्याने त्या मुलाखतींचंच जाडजूड पुस्तक काढलं.

आपल्याकडची गोष्ट

पैसे भरून ऐकायचा रेडिओ आपल्याकडेही येऊन गेलाय. वर्ल्डस्पेस आठवतोय? ए. आर. रहमानची ट्यून, खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवायची ती छोटी अँटेना, आणि वर्गणी. आवाज झकास, गाण्यांची निवड तर अफलातून. भारतात चार लाखांवर ग्राहक होते. पण अमेरिकेतली मूळ कंपनी ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा थांबली.

मला फरक वाटतो तो असा. वर्ल्डस्पेसने गाणी विकली, आणि गाणी विविध भारतीवर, एफएमवर, मित्राच्या पेन ड्राइव्हवरही मिळत होती. सिरियसने माणूस विकला. तो दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. आणि केबलवाल्यांनी त्याच माणसाचं चित्र विकलं, ज्याचा आवाज फॅनकडे आधीच होता.

हिशेब करू या

या सगळ्यातून माझ्यापुरतं मला एक समजलंय. फुकट काही नसतं हे तर आपण ऐकत आलोच आहोत. पण जो पैसे देतो, कात्री त्याच्या हातात असते. जाहिरातदाराने दिले तर त्याच्या, आपण दिले तर आपल्या. म्हणून ज्याचं बोलणं आपल्याला बिनकात्रीचं हवंय, त्याचे पैसे द्यायला मी आता कुरकुर करत नाही. मग तो पॉडकास्टवाला असो नाहीतर नाटकाचं रेकॉर्डिंग.

पण किंमत नुसती रुपयांत नसते. प्रत्येक जण आपापलं तिकीट काढून आपापल्या खोलीत बसला, की कॉफीच्या टेबलावर बोलायला सामायिक असं फार थोडं उरतं. बहुतेक ऑफिसांत ते आता क्रिकेट आणि ट्रॅफिक एवढंच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गणी वाढवण्याचा मेसेज आला, की ‘ओके’ दाबण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचारा. हे उद्या बंद झालं तर मला खरंच चुकल्यासारखं वाटेल का? आणि यावर बोलायला माझ्या आसपास कुणी आहे का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल पैसे भरा. पहिल्याचंच ‘हो’ असेल तरी भरा, पण एखाद्या मित्राला घरी बोलावून त्याच्यासोबत बघा. आणि दोन्हीचं ‘नाही’ असेल तर? बॉस, ते कार्डावरून आजच काढून टाका!