चुकीचा पासवर्डही चालला होता

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एखाद्या मेडिकलवाल्याला विचारा, "बिलिंगचा डेटा सुरक्षित आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं: "पासवर्ड टाकलाय की!" समोर दिसणाऱ्या सॉफ्टवेअरमागे डाटाबेस नावाची वेगळी गोष्ट चालते, हे अनेकांच्या गावीही नसतं. आणि ज्यांना ते ठाऊक असतं, त्यांची समजूत अशी की पासवर्ड अवघड ठेवला म्हणजे काम झालं.

जून २०१२ मध्ये या समजुतीला चांगलाच धक्का बसला. मायएसक्यूएल आणि त्यातूनच निघालेला मारियाडीबी हे जगभर वापरले जाणारे डाटाबेस. मारियाडीबीचे सर्गेई गोलुबचिक यांनी त्यांतला एक दोष जाहीर केला. दोष असलेल्या सर्व्हरवर युजरनेम माहीत असेल, तर कुठलाही चुकीचा पासवर्ड साधारण २५६ पैकी एका वेळी बरोबर ठरत होता. युजरनेम शोधायला डोकं लागत नाही, 'रूट' हा मुख्य युजर बहुतेक ठिकाणी असतोच. एकच चुकीचा पासवर्ड ३०० वेळा पाठवला तर आत शिरण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के, हजार वेळा पाठवला तर ९८. तीनशे प्रयत्नांना एक सेकंदही लागत नव्हता. पासवर्ड 'रत्नागिरी१२३' असो की चाळीस अक्षरी अगम्य, फरक शून्य.

चूक कुठे होती? पासवर्डवरून काढलेले दोन सांकेतिक आकडे जुळतात का, हे पाहणारं एक फंक्शन असतं. जुळले तर ते शून्य सांगतं, नाहीतर दुसरी कुठलीही संख्या. मायएसक्यूएलच्या कोडने ती संख्या एका बाइटात कोंबली. बाइटात २५६च किमती मावतात, त्यामुळे ५१२ आलं तरी उरतं शून्य. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचं, तसंच. शिवाय सर्व्हर दर वेळी नवा यादृच्छिक मजकूर पाठवून तुलना करतो. म्हणून पासवर्ड तोच असला तरी निकाल बदलत राहायचा, आणि कधीतरी शून्य निघायचंच.

"म्हणजे मायएसक्यूएलच टाकाऊ" हाही गैरसमज. मूळ कंपनीने स्वतः बनवून दिलेल्या आवृत्त्यांत हा दोष उघड होत नव्हता. उबुंटूच्या ६४ बिट आवृत्त्यांसारख्या काही ठिकाणी ते फंक्शन वेगळ्या तऱ्हेने बांधलं होतं, तिथेच दार उघडत होतं. कोड तोच, एक सर्व्हर शाबूत आणि दुसरा सताड उघडा! चाचणीत कसं सापडणार?

"आमच्या गावातल्या दुकानात कोण येतंय?" हे वाक्य मात्र मला सर्वांत धोकादायक वाटतं. कोणी नाव वाचून येत नाही. यंत्रं इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत जातात. त्याच सुमारास सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी इंटरनेटवर पाहणी केली, तेव्हा मायएसक्यूएलचे १७ लाखांहून अधिक सर्व्हर सापडले. त्यांतले निम्म्याहून जास्त कुठूनही आलेल्याला निदान पासवर्ड विचारण्यापुरते तरी दाराशी उभे करत होते. डाटाबेस त्याच कॉम्प्युटरपुरता किंवा दुकानाच्या नेटवर्कपुरता बंद ठेवला असता, तर बाहेरच्याला हा दोष वापरताच आला नसता.

दुरुस्ती बसवली की विषय संपला, असंही नाही. एकदा आत गेलेला माणूस पासवर्डांचे सांकेतिक आकडे उचलून नेऊ शकतो. मायएसक्यूएलच्या त्या पद्धतीत आकडे 'सॉल्ट', म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळायचा यादृच्छिक मजकूर, न घालता साठवले जात, त्यामुळे सोपे पासवर्ड त्यावरून पटकन उलगडतात. तोच माणूस नंतर खऱ्या पासवर्डने, राजरोस येतो. म्हणून अशा वेळी पासवर्डही बदलावे लागतात. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून सॉल्टसह साठवणारी पद्धत रुळली.

"चालू सॉफ्टवेअरला हात लावू नका" हा सल्ला देणारे भरपूर भेटतील. पण मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतर सापडलेल्या दोषांना मूळ कंपनीकडून दुरुस्ती नाही. आणि डाटाबेससकट सगळं एकदम बसवून देणारं एक्झॅम्प हे पॅकेज बसवलं, तर त्यात 'रूट'चा पासवर्ड मुळात कोराच येतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला ते चालतं, पतसंस्थेच्या खातेवहीला नाही.

ज्याने सॉफ्टवेअर बसवून दिलं, त्याला आज एक फोन करा. डाटाबेसची आवृत्ती कोणती, मायएसक्यूएलचं नेहमीचं ३३०६ पोर्ट बाहेरून उघडं आहे का आणि 'रूट'चा पासवर्ड कोरा तर नाही ना, एवढं विचारा. तो उत्तर टाळू लागला, तर दुसरा माणूस शोधा.