विकिडेटावरच्या तारखा आणि आपली यादी : एपीआयसाठी क्लास कसे बांधावेत

इंदूर, देवास, धार इकडच्या व्यक्ती, वाडे, छत्र्या यांच्या याद्या आता वहीतून संगणकावर आल्या आहेत. विकिडेटावरून जन्म-मृत्यूच्या तारखा आणायच्या, इंटरनेट अर्काइव्हवरून जुन्या ग्रंथांचे तपशील आणायचे, असं काम बरेच जण करतात. दोन्हीकडे त्यासाठी एपीआय आहे. ठरावीक पत्त्यावर ठरावीक पद्धतीनं प्रश्न पाठवला की उत्तर प्रोग्रॅमला थेट वाचता येईल अशा जेसॉन मांडणीत येतं. अशा एकेका पत्त्याला एन्डपॉइंट म्हणतात.

होतं काय, की पहिल्या यादीसाठी एक छोटा पायथन प्रोग्रॅम लिहिला जातो. दुसरी यादी आली की त्याचीच नक्कल, फक्त पत्ता बदलून. सर्व्हरचा एखादा नियम बदलला की मग दहा ठिकाणी दुरुस्ती, आणि अकरावी प्रत कुणाच्या पेनड्राइव्हवर आहे ते देव जाणे.

त्यापेक्षा सगळ्यांना लागणारं काम एका मूळ क्लासमध्ये घालावं. विनंती पाठवणं, विकिमीडियाच्या नियमाप्रमाणे आपली ओळख आणि संपर्क सांगणारा यूजर-एजंट जोडणं, सर्व्हरनं ४२९ म्हणजे ‘फार घाई करताय’ असं कळवलं तर त्यानं सांगितले तितके सेकंद थांबणं, हे सगळं तिथे. मग प्रत्येक एन्डपॉइंटला त्याच्यावर बेतलेला छोटा क्लास. त्यात पत्ता, विचारायचे मुद्दे आणि उत्तराचा आकार, एवढंच. विकिडेटाकडे साध्या खात्यानं एका विनंतीत ५० नोंदी मागता येतात. यादीचे ५०-५० चे गट पाडणं त्या क्लासनं करावं, यादी करणाऱ्याला ते कळायचीही गरज नाही.

खरी मेख उत्तराच्या आकारात, म्हणजे टाइपमध्ये आहे. विकिडेटा तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी पूर्ण लिहून देतो, पण सोबत अचूकतेचा आकडा असतो: ११ म्हणजे दिवसापर्यंत माहीत, ९ म्हणजे फक्त वर्ष. नुसतं वर्ष माहीत असेल तेव्हा महिना आणि दिवसाच्या जागी कधी शून्यं असतात, कधी चक्क १ जानेवारी. हा आकडा वाचलाच नाही, की यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची जत्रा भरते. ती यादी छापली की पुढचा अभ्यासक त्यावर विसंबून जयंतीसुद्धा ठरवून टाकतो! म्हणून ‘तारीख’ हा स्वतंत्र टाइप करावा: वर्ष, अचूकता, ज्यूलियन की ग्रेगोरियन, आणि महिना-दिवस असलेच तर.

शकाला वेगळा टाइप हवा. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची, मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ चा. दोन्ही शके १७३९ मध्येच. सरसकट ७८ मिळवले तर तह एक वर्ष मागे जातो. कागदावर नुसतं ‘शके १७३९’ असेल तर इसवी सन १८१७-१८ असाच ठेवावा, एक निवडू नये. शक आणि इसवी वर्ष दोन्ही नुसते आकडे म्हणून ठेवले तर एकाच्या जागी दुसरं सहज घुसतं. वेगळे टाइप असले की ‘मायपाय’सारखं तपासनीस प्रोग्रॅम चालवण्याआधीच बोट ठेवतं.

इथे एक लक्षात ठेवावं. पायथन स्वतः टाइपची सक्ती करत नाही, साधा डेटाक्लाससुद्धा करत नाही. बाहेरून आलेलं उत्तर आत घेतानाच तपासायचं तर ‘पायडँटिक’ वापरावं.

इंटरनेट अर्काइव्हची खोडी निराळी. ग्रंथाचा लेखक एक असला तर नुसतं नाव येतं, दोन असले तर नावांची यादी. यादी समजून एकट्या नावावर फेरी मारली की लेखकाच्या रकान्यात सुटी अक्षरं आणि काना-मात्रा पडतात. एन्डपॉइंटच्या क्लासनं दोन्हींची यादीच करून द्यावी, म्हणजे पुढे कुणाला विचार नको.

वीस नावांसाठी हा खटाटोप करू नये, ती हातानं भरलेली बरी. शेकड्यांत काम असेल तर मात्र आधी एक खरं उत्तर फाइलमध्ये साठवून घ्यावं आणि क्लास त्याच्यावर चालवून पाहावा. नेट नसलं तरी चालतं, सर्व्हरलाही त्रास नाही. त्यासाठी नोंद निवडताना अर्धवट तारखेचीच निवडा.