खणांचे घर आणि साच्यातील घर

गेल्या पावसाळ्यात नगरच्या आमच्या जुन्या वाड्याची मागील भिंत बसली. सुदैवाने त्या खोलीत कोणी निजलेले नव्हते. (अहिल्यानगर हे नाव २०२४ साली सरकारी रीतीने कायम झाले, पण घरात बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते.) पडझड पाहण्यास पुण्यामुंबईची भावंडे जमली, आणि माळवदावर पुन्हा पांढरी माती चढवावी की सगळाच वाडा उतरवून नवे घर बांधावे, यावर दोन दिवस खल झाला. मिस्त्रीने मात्र एकच शब्द लावून धरला होता : "सिपोरेक्स घाला, काका." त्याने आणलेला पांढुरका ठोकळा आमच्या वृद्ध आत्याबाईंनी बोटाने दाबून पाहिला व त्या म्हणाल्या, "दगडाची भिंत काढून ढोकळ्याची घालणार होय रे?"

आत्याबाईंची उपमा त्यांस वाटली त्याहून पुष्कळच खरी आहे. सिमेंट, चुना आणि वाळू अगर विजेच्या कारखान्यातील राख यांच्या पातळ कालवणात ॲल्युमिनियमची चिमूटभर पूड पडली म्हणजे वायूचे बुडबुडे उठून ते फुगते. अर्धवट घट्ट झाले की तारेने त्याच्या वड्या पाडावयाच्या आणि बंद पात्रात दाबाखालील वाफेवर कित्येक तास शिजवावयाच्या. वजन विटेच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय उन्हाची धग आत पोचण्यास विलंब लागतो. ही कृती मूळची स्वीडन देशातील, आणि सिपोरेक्स हे तेथील व्यापारी नाव. आपल्या प्रांती ते रुजले पुण्याच्या शिर्के यांच्या कारखान्यामुळे, आणि इतके रुजले की आज कोणत्याही कंपनीचा हलका ठोकळा गवंडी त्याच नावाने मागतो.

बाबुराव गोविंदराव शिर्के यांचा जन्म १९१८ साली वाईजवळील पसरणी गावचा. पुण्यास स्थापत्याचे शिक्षण संपवून त्यांनी १९४४ साली बांधकामाचा व्यवसाय मांडला व तो पुढे घराण्याचा झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेली बालेवाडीची क्रीडानगरी त्यांच्याच हातची. २००३ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१० साली ते निवर्तले. पण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते क्रीडानगरीहून साधे काम, म्हणजे मध्यम व गरीब कुटुंबांसाठी साच्यात घडविलेली घरे.

या पद्धतीत खांब, तुळया आणि छताचे तक्ते आधी कारखान्यात तयार होतात. जागेवर यारीने उचलून ते जुळवावयाचे आणि सांधे काँक्रीटने भरून एकजीव करावयाचे. नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या वाड्याचे तरी काय होते? सुतारांनी खांब, तुळया, कड्या खाली बसून तासल्या, कुसवे पाडली, मग सांगाडा उभा केला. भार लाकडाने पेलला, आतल्या भिंती केवळ आडोशाच्या. म्हणून तर घर खणांनी मोजीत. फरक आहे तो संख्येचा. पोलादी साच्यांस व यंत्रांस लागणारा पैसा तेच घर हजारदा घडविल्यावाचून वसूल होत नाही. इतकी घरे एकदम मागणारा गिऱ्हाईक सरकारच असू शकतो. त्यामुळे सिडको (स्थापना १९७०) व म्हाडा (स्थापना १९७७) यांसारख्या संस्थांच्या वसाहतींतच हे तंत्र शोभले. चाळीतील एका खोलीत पिढी काढलेल्या माणसास स्वतःचा नळ व स्वतःचे शौचकूप मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. वसाहती एकसुरी दिसतात अशी नाके मुरडणाऱ्यांनी त्या खोलीत एक पावसाळा काढून पाहावा.

आमची खंत निराळी आहे. साचा एकदा ठरला की कुटुंबही ठरते. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सर्वांत दुर्बल गटाच्या घरास ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. त्यात नवराबायको व दोन मुले मावतात. आत्याबाई मावत नाहीत. वाड्यात थोरल्याचे लग्न ठरले की शेजारचा खण मोकळा करीत. काँक्रीटच्या घरास असा खण जोडता येत नाही, आणि वरच्या मजल्यावरील दुसरे घर भावास मिळेलच याची हमी सोडत काढणारा अधिकारी देत नाही. हा दोष बांधणाऱ्याचा नव्हे, नकाशा मागणाऱ्याचा आहे. पण त्याने आत्याबाईंची सोय होत नाही.

आमच्या घरी शेवटी तडजोड झाली. पुढची ओसरी व सागवानी खांब ठेवावयाचे, मागे काँक्रीटचा सांगाडा उभारून हलक्या ठोकळ्यांच्या चार खोल्या, आणि त्यांतील एक आत्याबाईंची. धाकट्या काकांनी तोंड वाकडे केले. खर्चाचा तिसरा हिस्सा मात्र त्यांनीच दिला. भिंत उठत असता आत्याबाईंनी तिच्यात खिळा ठोकून पाहिला. तो हातानेच निघून आला. "अरे, मग नातसुनेच्या पाळण्याची कडी कोठे अडकवायची?"

मिस्त्रीने वर बोट दाखविले. "आजी, भिंतीला कशाला? तुळईला."

आत्याबाई ओसरीवरच्या जुन्या तुळईकडे पाहात राहिल्या. तिच्यातली कडी अजून तेथेच आहे.