होडीच्या मागील यंत्राची योग्य उंची

कोकणच्या खाड्यांत व धरणांच्या जलाशयांत मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांना आता पुष्कळ ठिकाणी आउटबोर्ड यंत्रे बसविलेली आढळतात. यंत्र घेताना त्याची अश्वशक्ती व किंमत बारकाईने पाहिली जाते. परंतु ते पाण्यात किती खोल असावे याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक इंधनाचा अपव्यय, यंत्र तापणे आणि खाडीच्या मुखाशी ऐन लाटेत होडीची गती तुटणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या उंचीतच असते.

यंत्राच्या पायावर, पंख्याच्या लगेच वर, एक आडवी पाटी असते. वरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये, हे तिचे काम. ही पाटी होडीच्या तळाच्या पातळीत, अथवा त्याखाली सुमारे २.५ सेंटिमीटरपर्यंत असावी. ओझे घेऊन संथ चालणाऱ्या होडीस ती किंचित खाली असणेच इष्ट.

यंत्र फार उंच बसल्यास वळताना किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो. यंत्राचा आवाज एकाएकी चढतो, पण होडी पुढे सरकत नाही. थंडाव्याचे पाणी घेणारी छिद्रेही पायावरच असल्याने त्यांत हवा शिरते, बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते आणि पंपाची रबरी चक्री कोरडी फिरून जळते. उलट यंत्र फार खाली गेल्यास पाय पाण्याला अडवितो, तुषार वर चढतात, इंधन अधिक जळते व उथळ खाडीत पंखा चिखलात रुततो.

मोजमाप होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना करावे. यंत्र मागच्या फळीवर बसवून पाय ओळंब्यात आणावा. एक सरळ पट्टी तळाला टेकवून मागे काढावी आणि पट्टी व पाटी यांतील अंतर मोजावे. आखूड पायाची यंत्रे साधारणतः ३८ सेंटिमीटर व लांब पायाची ५१ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी असतात. समजा, फळी ४२ सेंटिमीटर आहे. आखूड पायाच्या यंत्राची पाटी तळाच्या सुमारे ४ सेंटिमीटर वर राहील. असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, किंवा फळी कारागिराकडून मजबुती राखून तेवढी खाली घ्यावी. लांब पायाच्या यंत्राची पाटी ९ सेंटिमीटर खाली जाईल. तेथे फळीवर सुमारे ७ सेंटिमीटर जाडीचा कठीण लाकडाचा ठोकळा बोल्टने पक्का करावा. नुसती फळकुटे सरकवून काम भागविण्याची पद्धत धोक्याची आहे.

यानंतर संथ पाण्यात, जाळी, बर्फ व माणसे यांचे नेहमीचे ओझे घेऊनच परीक्षा करावी. ओझे नाळेकडे अधिक झाले की मागची बाजू उचलली जाते व योग्य उंचीचे यंत्रही हवा ओढू लागते. एकाने यंत्र धरावे व दुसऱ्याने बसल्या जागेवरून पाहावे. पूर्ण वेगात सरळ जाताना पाटी पाण्याखाली जेमतेम झाकलेली असावी. मग दोन्ही बाजूंस वळून पाहावे. आवाज चढल्यास यंत्र एकदम न उतरविता थोडेथोडे, सुमारे दीड-दोन सेंटिमीटरच खाली घ्यावे.

पहिल्या अर्ध्या तासानंतर पकडीचे स्क्रू पुन्हा आवळावेत आणि यंत्र साखळीने होडीस बांधून ठेवावे.