फुगा धमनीत जातो तेव्हा

हृदयाच्या धमनीतला अडथळा बारीक फुग्याने दाबून रक्ताची वाट मोकळी करणं म्हणजे बलून अँजिओप्लास्टी. अँड्रियास ग्रुंटझिग यांनी ती १९७७ मध्ये झुरिचला पहिल्यांदा केली. पण फुगा फुगताना धमनीचं अस्तर थोडं चिरतंच. चीर मोठी झाली तर धमनी अचानक बंद पडू शकते. नुसत्या फुग्याने उघडलेली वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंदही व्हायची. म्हणून आता बहुतेकदा स्टेंट बसवतात.

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या असतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. हेदवीसारख्या गावातून मोठं रुग्णालय लांब पडतं. छातीत पुन्हा दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा. हा नंबर मुलांकडूनही पाठ करून घ्या.